'गेट'ची शेपटी

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज-एजंटाच्या ऑफिसात १९७९ साली मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे परळच्या मराठी शाळेतलं. पाठांतर पक्कं, कान कच्चा. पहिल्याच आठवड्यात साहेब दोन्ही हातांत फायलींचा ढीग घेऊन केबिनच्या बंद दारापाशी आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गेट द डोअर, प्लीज." मी 'गेट' ऐकलं, 'डोअर' ऐकलं आणि जिना उतरून थेट इमारतीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. वॉचमनने विचारलं, "कोण येणार आहे?" म्हटलं, "माहीत नाही, साहेबांनी पाठवलंय." वर साहेब फायली घेऊन तसेच.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की दार जरा उघड.

तेव्हा आधी उच्चार उरकून घेऊ. मराठीत ऱ्हस्व 'ए' नाही, म्हणून फाटकवाला गेट आणि हा गेट आपण एकसारखेच लिहितो. फाटकाचा गेट ताणून म्हणायचा, 'गेऽट'. आपला गेट तोडून, चटकन. या लेखात जिथे जिथे गेट येईल तो आखूडच समजा.

आता मी लालबागला, आमच्या चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीत संध्याकाळी साडेसातला इंग्रजीचा वर्ग घेते. येणारे सगळे पोटापाण्याला लागलेले: टॅक्सीवाला, हॉस्पिटलातली एक नर्स, पोळीभाजी केंद्र चालवणारी एक बाई, कॉल सेंटरच्या मुलाखतीला जाणारी दोन पोरं. यातला एकजण तरी दरवर्षी मोबाइलवरून 'गेटचे पन्नास अर्थ' अशी यादी उतरवून आणतो आणि विचारतो, "बाई, हे सगळे पाठ करायचे?" मी ती यादी घडी करून त्याच्याच खिशात ठेवायला सांगते.

वर पहिल्याच वाक्यात मी 'ऑपरेटर म्हणून लागले' असं लिहिलं आणि थोडं पुढे 'पोटापाण्याला लागलेले'. तुम्ही अडखळलात का? नाही ना. आता बघा: भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, दम लागतो, कुलूप लागतं, नजर लागते. तो माझा मामा लागतो. मुलगी रडायला लागते. उद्या जावं लागेल. घाटात मला गाडी लागते. एखाद्या परदेशी माणसाला 'लागणे' म्हणजे काय हे एका शब्दात सांगून दाखवा! तुम्ही कधी या यादीचं पाठांतर केलं नाहीत. शेजारी कोण बसलंय ते बघून तुम्हाला अर्थ कळतो. शेजारी 'भूक' असली तर एक, 'मामा' असला तर दुसरा, 'रडायला' असलं तर तिसरा.

इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि बाकीचा पसारा त्याच्या मागून. म्हणून मी वर्गात म्हणते, गेटचं तोंड बघू नका, शेपटी बघा.

शेपटीला नाम असेल, म्हणजे वस्तू, तर अर्थ 'मिळणे' किंवा 'आणणे'. यात फारसं कठीण काही नाही. 'आय गॉट अ सीट' म्हणजे जागा मिळाली. लोकलमध्ये चौथी सीट मिळाली, अर्धं बूड बाहेर असलं, तरी इंग्रजीत ते 'गॉट अ सीट'च. वस्तूच्या आधी माणूस बसला तर 'आणून देणे': 'गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर'. आमचे साहेब माझ्या टेलिफोनच्या बोर्डापाशी येऊन म्हणायचे, "गेट मी मद्रास." मद्रास काही आणून द्यायचं नव्हतं, मद्रासचा ट्रंक कॉल लावून द्यायचा होता. दाराची बेल वाजली किंवा फोन वाजला की घरातलं माणूस म्हणतं, "आय विल गेट इट." म्हणजे थांबा, मी बघते. साहेबांचं ते 'गेट द डोअर' याच अर्थाचं होतं.

शेपटीला विशेषण असेल तर अर्थ 'होणे'. 'द टी इज गेटिंग कोल्ड', चहा गार होतोय. 'शी गॉट अँग्री', तिला राग आला. इथे मुलं विचारतात, 'शी वॉज अँग्री' का नाही? माझी कसोटी साधी आहे. मनातल्या मराठी वाक्याचं शेवटचं टोक बघा. 'झाला', 'आला', 'लागला' असं काही बदलल्याचं सांगणारं असेल, तर गेट. 'आहे', 'होता' असं स्थितीचं असेल, तर बी, म्हणजे ॲम, इज, वॉज. 'भूक लागली आहे' हे 'आय ॲम हंग्री'. 'भूक लागायला लागली' हे 'आय ॲम गेटिंग हंग्री'. कसोटी शंभर टक्के नाही, पण मुलाखतीपुरती पुरते.

मात्र मराठीतलं 'होणे' इथे एक खड्डा खणून ठेवतं. 'आई बरी झाली' आणि 'मुलगा डॉक्टर झाला', आपल्याला दोन्हीकडे 'झाला'. इंग्रजीत आई 'गॉट बेटर', पण मुलगा 'बिकेम अ डॉक्टर'. 'ही गॉट अ डॉक्टर' म्हटलंत तर त्याने कुठून तरी डॉक्टर आणला असा अर्थ होईल, कारण 'डॉक्टर' हे नाम आहे आणि नामाचा हिशेब वर सांगितला. तसंच 'मला झोप येतेय' याचं 'आय ॲम गेटिंग स्लीप' करू नका. गेटिंग 'स्लीपी'. आणि 'मला उशीर होतोय' याचं 'आय ॲम गेटिंग लेट' सगळ्या मुंबईच्या तोंडी आहे. इथे चालूनही जातं. पण बाहेरच्या माणसाशी बोलताना 'आय ॲम रनिंग लेट' म्हणा. 'इट इज गेटिंग लेट' वेगळं, ते 'रात्र झाली, आता निघू या'.

शेपटीला जागा असेल तर 'पोहोचणे'. 'आय गॉट टू दादर ॲट नाइन.' जागेच्या आधी 'टू'. पण 'होम', 'हिअर', 'देअर' या तिघांना 'टू' नाही: 'आय गॉट होम'. का, याचं उत्तर माझ्या शाळेत कुणी दिलं नाही, मी माझ्यापुरतं शोधलं. हे तीन शब्द म्हणजे 'घर' नव्हे, 'घरी', 'इथे', 'तिथे'. प्रत्यय पोटातच आहे. त्यावर आणखी 'टू' लावणं म्हणजे 'घरीला पोचलो' म्हणणं. वर्गात एकदा हे 'घरीला' मोठ्याने म्हणून दाखवलं की पुन्हा कुणी 'गेट टू होम' म्हणत नाही. जवळजवळ कुणी नाही.

आता खरी मेख. इथे मी दोन संध्याकाळी घालवते, तुम्हीही जरा थांबा.

मराठी माणूस म्हणतो, "मी काल केस कापले." कुणीही समजतं, की सलूनमध्ये जाऊन बसला होता. "मी दाढ काढली." म्हणजे दाताच्या डॉक्टरने काढली. "दिवाळीआधी घराला रंग लावला." म्हणजे रंगाऱ्याने लावला, आपण वर्तमानपत्रं अंथरली. मराठीला हे चालतं, संदर्भावर सोडून देता येतं. फारच स्पष्ट करायचं असेल तर 'कापून घेतले', 'लावून घेतला'. इंग्रजी मात्र ज्याचं काम त्याच्या पदरात घालतं. नर्सबाईंनी एकदा सरळ सांगितलं, "यस्टरडे आय रिमूव्हड माय टूथ." त्या नर्स असल्यामुळे क्षणभर मलाही खरं वाटलं.

'करून घेणे' याचा साचा असा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय गॉट माय टूथ रिमूव्हड.' 'आय गॉट माय हेअर कट.' 'आय गॉट द ब्लाउज स्टिच्ड.' क्रम मोडायचा नाही. 'आय गॉट कट माय हेअर' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'आय गॉट कट' एवढं आधी ऐकू येतं, आणि ते म्हणजे 'मला कापलं'. वस्तू मधे, तिसरं रूप शेवटी. हेच 'हॅव'नेही होतं, 'आय हॅड माय हेअर कट'. ते जरा इस्त्री केलेलं वाटतं इतकंच.

सरावाला मुंबईइतकं चांगलं गाव नाही, कारण इथे आपण फार थोडं स्वतः करतो. इस्त्रीवाला, किल्ल्या बनवणारा, चेन बसवून देणारा, झेरॉक्सवाला, छत्री दुरुस्त करणारा. कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि जो दिसेल त्याच्यावर एक वाक्य करा. 'आय गॉट द शर्ट आयर्न्ड.' 'आय गॉट द की कॉपिड.' 'आय गॉट माय अंब्रेला रिपेअर्ड.' टॅक्सीवाल्याने एका दमात आठ केली: टायर, ब्रेक, मीटर, सगळं.

एक आडवाट. हाच साचा नको असलेल्या गोष्टींनाही चालतो. 'ही गॉट हिज फिंगर्स कॉट इन द डोअर', त्याची बोटं दारात सापडली. त्याने ती मुद्दाम सापडवून घेतली नाहीत. कुठलं काम हौसेने करवून घेतलं आणि कुठलं नशिबाने झालं, हे इंग्रजी तुमच्या अकलेवर सोडतं.

वस्तूऐवजी माणूस असेल आणि त्याच्याकडून काम करवून घ्यायचं असेल, तर 'टू' येतो: 'आय गॉट द प्लंबर टू कम.' हेच 'मेक' आणि 'हॅव'नेही सांगता येतं, पण दोघांना 'टू' लागत नाही आणि तिघांचा स्वभाव वेगळा. 'आय मेड हिम कम' यात जबरदस्ती आहे, मानगूट धरून आणलं. 'आय हॅड हिम कम' यात हुकूम आहे; त्याचं कामच ते, सांगितलं आणि आला. 'आय गॉट हिम टू कम' यात गोडीगुलाबी आहे, चार फोन आहेत, 'दादा, आज तरी या' आहे. मुंबईत प्लंबरच्या बाबतीत मी दुसरं काही वापरलेलं नाही. निर्जीव वस्तूही याच रांगेत बसते: 'आय कान्ट गेट द फॅन टू स्टार्ट', काही केल्या पंखा चालू होत नाही.

त्याच्यासारखाच दिसणारा, पण वेगळा: गेटला लगेच 'टू' आणि क्रियापद. मधे कुणी नाही. याचा अर्थ 'करायला मिळणे'. 'आय गॉट टू सी द सी एव्हरी डे', मला रोज समुद्र बघायला मिळायचा. ऑफिसच्या गच्चीवर डबा खाताना खरंच मिळायचा. (पहिला 'सी' बघण्याचा, दुसरा समुद्राचा, इंग्रजीत स्पेलिंग वेगळी, कानाला एकच.)

नुसतं तिसरं रूप शेपटीला असेल तर काहीतरी घडलं, बहुधा आपल्या हातात नसताना. 'आय गॉट स्टक ॲट सायन.' 'वी गॉट लॉस्ट.' 'ही गॉट फायर्ड.' लग्नही यातच, 'आय गॉट मॅरिड'. त्यात हातातलं किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. कॉल सेंटरला निघालेल्या एका मुलीने ओळख करून देताना 'आय वॉज मॅरिड इन जून' म्हटलं. चूक नाही, पण 'इन जून' गिळलं असतं तर समोरच्याला वाटलं असतं की पूर्वी लग्न झालेलं होतं, आता नाही. 'गॉट मॅरिड' म्हटलं की घटना स्पष्ट. आणि कुणाशी, तर 'टू'. आपल्या 'त्याच्याशी'मुळे तोंडात 'विथ' येतं, ते गिळायचं.

उरल्या छोट्या शेपट्या: ऑन, ऑफ, इन, आउट, अप, डाउन, बाय, ओव्हर. याच यादीत पोरं बुडतात. मी सगळ्या शिकवत नाही. आधी गाड्यांच्या चार. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, त्यात चढताना 'गेट ऑन', उतरताना 'गेट ऑफ': लोकल, बस, बोट, विमान. ज्यात वाकून शिरावं लागतं त्यात 'गेट इन', बाहेर पडताना 'गेट आउट ऑफ': टॅक्सी, रिक्षा, मोटार. बाइक आणि सायकलवर आपण वरच बसतो, म्हणून 'ऑन'. लोकलच्या दारातल्या गर्दीत स्वतःला कोंबायचं असेल तर 'आय मॅनेज्ड टू गेट इन' म्हटलं तरी कुणी चूक काढणार नाही, तिथे आपण खरंच आत घुसतो. सरावाला ही एक सकाळ घ्या: 'आय गॉट ऑन अ फास्ट ट्रेन बाय मिस्टेक. इट डझ नॉट स्टॉप ॲट करी रोड. आय गॉट ऑफ ॲट दादर अँड गॉट अ स्लो ट्रेन बॅक.' आमच्या चाळीतल्या प्रत्येकाने हे एकदा तरी भोगलंय. विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरू बघणाऱ्याने 'आय कुड नॉट गेट ऑफ' एवढं पाठ करून ठेवावं.

मुंबईत आपण 'गेट डाउन' म्हणतो. 'आय विल गेट डाउन ॲट भायखळा.' भारतात सगळ्यांना कळतं, मी कुणाला त्यावरून हसत नाही. पण इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाला 'गेट डाउन' म्हणजे शिडीवरून, भिंतीवरून खाली ये, किंवा खाली वाक, डोकं सांभाळ. टॅक्सीवाल्याला सांगून ठेवलंय, की कुलाब्याला पर्यटकाला 'गेट डाउन हिअर' म्हणू नकोस. 'यू कॅन गेट आउट हिअर, सर' म्हण, आणि 'यू कॅन' खाऊ नकोस. नुसतं 'गेट आउट' म्हणजे चालता हो.

'गेट बाय' मला कुणी शिकवलं नाही. १९८२ सालच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील गिरणीत. महिन्यामागून महिने गेले, घरात पगार माझा एकटीचा. साहेबांनी एकदा विचारलं, "हाउ आर यू मॅनेजिंग?" मी काहीतरी पुटपुटले. शेजारच्या टायपिस्ट बाई वांद्र्याच्या, इंग्रजी त्यांच्या घरचं, त्याच माझ्या वतीने म्हणाल्या, "दे गेट बाय, सर." कसंबसं भागतंय. अर्थ विचारावा लागला नाही.

'हॅव गॉट' हे प्रकरण वेगळं, त्यात मिळण्या-बिळण्याचा संबंध नाही, फक्त 'आहे'. 'आय हॅव गॉट टू ब्रदर्स', मला दोन भाऊ आहेत. बोलताना ते 'आयव्ह गॉट' होतं, तो 'व्ह' इतका पुसट असतो की ऐकणारा 'आय गॉट टू ब्रदर्स' शिकतो. लिहिताना 'व्ह' सोडू नका. अमेरिकन सिनेमात 'गॉटन' ऐकलंत तर दचकू नका. 'मिळालेलं', 'झालेलं' या अर्थी तिकडे तिसरं रूप ते आहे, ब्रिटिश 'गॉट'वर थांबतात. गंमत अशी, की 'फर्गेट' हा याच घरातला शब्द, आणि त्याचं 'फर्गॉटन' ब्रिटिशांनीही टिकवलं. हा गेट मूळचा इंग्रजांचा नव्हेच, उत्तरेकडून समुद्रावरून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतला 'गेटा', मिळवणे. शब्दही तसाच, शिरला आणि घरभर पसरला.

'समजणे' या अर्थी दोन वाक्यं नीट वेगळी ठेवा. 'आय डोन्ट गेट इट', मला हे कळत नाही. 'आय डिडन्ट गेट इट', मला ते मिळालं नाही किंवा तेव्हा कळलं नाही. ऑफिसात ईमेल मिळाली नसताना 'आय डोन्ट गेट इट' लिहिलंत, तर साहेबाला वाटेल याच्या डोक्यावरून गेलं. फोनवर नीट ऐकू आलं नाही तर 'आय डिडन्ट गेट यू' आपल्याकडे रूढ आहे. मी बोर्डावर 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट' म्हणायचे, आणि समोरचा न चिडता पुन्हा सांगायचा.

आणि बँकेला, सरकारी कचेरीला, शाळेला अर्ज लिहिताना गेट शक्यतो घरी ठेवा. तिथे 'रिसीव्हड', 'बिकेम', 'अराइव्हड', 'ऑब्टेन्ड'. गेट चूक नाही, पण लग्नाच्या पंगतीत गंजीफ्रॉकवर बसल्यासारखं दिसतं.

शेवटी गृहपाठ असतो: स्वतःच्या दिवसावर पाच वाक्यं, प्रत्येकात गेट, प्रत्येकाची शेपटी वेगळी. मागच्या आठवड्यात पोळीभाजीवाल्या बाईंनी वही पुढे केली. त्यात होतं: 'आय गेट अप ॲट फोर. आय गेट व्हेजिटेबल्स फ्रॉम दादर. आय गेट टू होम ॲट सिक्स. आय गेट माय सन टू पील द गार्लिक. आय नेव्हर गेट टू सिट.'

तीन 'टू' होते. मी एक खोडला.